नव्या ट्रेलरमध्ये शॉवर गळतोय? आधी पाणी शोधा, सिलिकॉन नंतर

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाडीमागे ओढायचा, झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर तुम्ही नुकताच बनवून आणला. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, असे पाच जण. दिवाळीनंतर नागपूरहून पेंचच्या जंगलाकडे जायचा बेत आहे. घरासमोर उभा करून सगळ्यांनी एकदा आंघोळ करून पाहिली, तर शॉवरशेजारच्या बाकाखालचा प्लाय ओला लागला. प्लंबर म्हणतो, कडेनं सिलिकॉन मारून देतो. मारू का, आणि नव्या ट्रेलरमध्ये बस्तान बसवताना आणखी काय पाहायचं?

आत्ता मारू नका. सिलिकॉननं पाणी दिसायचं थांबतं, जायचं थांबेलच असं नाही. शिवाय ट्रेलर नवा आहे, वॉरंटी असेल. तुमच्या प्लंबरनं एकदा हात घातला की बॉडी बनवणारा तेच कारण पुढे करेल. ओल्या प्लायचे फोटो काढा, ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा, आणि त्याला लेखी कळवा. तोवर पाणी कुठून येऊन राहिलं ते शोधायला घरीच बसून जमतं.

शॉवरमधलं पाणी बाहेर येण्याच्या वाटा चारच: दाबाचे पाइप, तळाचं वेस्ट कपलिंग (सांडपाणी जायच्या भोकाखालचा जोड), ट्रे (ज्यावर उभं राहतो तो शॉवरचा तळ) आणि भिंतीचा सांधा, आणि दाराचा उंबरठा. चारही एकाच वेळी तपासल्या तर काहीच कळत नाही. एक तपासली की सगळं कोरडं करा, मगच पुढची.

पहिल्यांदा पंप. टाकी भरा, सगळे नळ बंद ठेवा आणि पंपाचा स्विच चालू करा. 12 व्होल्टचा हा पंप पाइपमध्ये दाब भरला की आपोआप थांबतो. मग रात्री, रस्ता शांत झाल्यावर, आत बसून ऐका. कोणी नळ उघडलेला नसताना पंप मध्येच एक-दोन सेकंद घरघरला, तर दाब कुठेतरी सुटतोय. पंपाच्या आतला व्हॉल्व्ह पाणी मागे टाकीत सोडत असेल तरीही असंच होतं, म्हणून लगेच पाइप कापायला घेऊ नका. टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडावरून खालच्या बाजूनं फिरवा. बोटाला जाणवत नाही तो थेंबही कागदावर उठतो. जोड सापडलाच तर प्लास्टिकचं चेक नट पान्यानं आवळू नका, चिरतं. हातानं घट्ट करायचं आणि वर पाव फेरा, बस. आतला रबरी वॉशर वाकडा बसला असेल तर कितीही आवळा, गळणारच.

हँड शॉवरचं एक सांगायचं राहायला नको. त्याच्या मुठीवर पाणी थांबवायचं बटण असतं. मुलं साबण लावताना ते दाबतात आणि आंघोळ झाल्यावर भिंतीवरचा नळ बंद करायचं विसरतात. मग रात्रभर पूर्ण दाब त्या लवचीक नळीवर राहतो, आणि नळी जिथे भिंतीत जाते तिथून पाणी आतल्या बाजूनं उतरत राहतं. बाहेरून काही दिसत नाही.

दुसरी वाट वेस्टची, आणि तुमच्या वर्णनावरून माझा संशय इथेच जास्त आहे. शॉवर अजिबात चालू करायचा नाही. जाळी काढा, भोकाला रबरी बूच लावा आणि मगानं हळूच ट्रेमध्ये बोटभर पाणी ओता, भिंतीवर उडू न देता. पाण्यात खायचा लाल रंग चिमूटभर टाका (हळद नको, ट्रे कायमचा पिवळा होतो). पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तासभर दुसरं काम करा. पातळी उतरली तर ट्रेला बारीक तडा आहे किंवा कपलिंगच्या वरच्या कडेचं सील गेलंय. उतरली नाही, तर बूच काढा आणि कोणाला तरी टॉर्च घेऊन खाली डोकवायला सांगा. लाल पाणी जिथून ठिबकेल तो जोड ढिला. नव्या गाडीत हे फार होतं. बॉडीवाल्याकडून निघून घरापर्यंत येताना खड्ड्यांनी जेवढं हललं, तेवढ्यात नट सैल पडतात.

याच वाटेवर एक गळती खोटी असते. सांडपाण्याची टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या भोकातून वर येतं, आणि ट्रेलरमध्ये ते भोक शॉवरचं असतं. ओट्यावर भांडी घासली आणि शॉवरमध्ये खरकटं पाणी चढलं, तर प्लंबरला नका बोलावू, टाकी रिकामी करा.

तिसऱ्या वाटेसाठी हँड शॉवरची धार सांध्यावर धरा, पण खालून वर जायचं. आधी फक्त ट्रेच्या कडेवर पाच मिनिटं, मग खाली पाहायचं. कोरडं असेल तर वीतभर वर. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळतं आणि चांगल्या सांध्यावर नाहक आळ येतो.

चौथी वाट उंबरठ्याची. ट्रेलर घरासमोरच्या उतारावर उभा असेल तर पाणी जाळीकडे जाणारच नाही, दाराच्या कोपऱ्यात साचेल. आपल्याकडच्या बहुतेक घरांपुढचा रॅम्प गटाराकडे उतरतो, हे लक्षात घ्या. ट्रेच्या उंबरठ्यावर मिस्त्रीची पाणसळ ठेवून बघा. आडवा तोल चाकाखाली लाकडी ठोकळे सारून साधायचा, लांबीचा पुढच्या जॉकी व्हीलनं, म्हणजे दांड्याखालच्या वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकानं. कोपऱ्यांवरचे चार जॅक त्यानंतर टेकवायचे. ते डोलणं थांबवायला असतात, वजन उचलायला नाही. त्यांनीच ट्रेलर उचलला तर सांगाडा पिळतो आणि दाराच्या फटी वाढतात.

आता खरी गोष्ट, जी बॉडी बनवणारा सांगत नाही. हे शॉवर उभ्यानं, थोड्या पाण्यात आंघोळ करणाऱ्या माणसासाठी बनतात. आपण बादली भरतो, स्टुलावर बसतो आणि डोक्यावर मग ओततो. सासूबाई तर तसंच करणार, आणि त्यांनी तसंच करावं. पण 20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो एकाच जागी. स्टुलाचे चार पाय म्हणजे माणसाचं सगळं वजन चार नाण्यांएवढ्या जागेवर. खाली पातळ फायबरचा किंवा एबीएस प्लास्टिकचा ट्रे. तो प्रत्येक वेळी दबतो, भिंतीपासून कणभर सुटतो, परत वर येतो. कोणतंही सिलिकॉन हे रोज सोसत नाही. त्यात मगाचं पाणी खांद्यावरून दारावर उडतं, आणि उंबरठा जेमतेम चार बोटं उंच.

म्हणून आधी चप्पल काढून ट्रेच्या चारही कोपऱ्यांत पाय ठेवून उभ्या राहा. कुठे खाली जातो किंवा कट्कट् वाजतो, तर खाली पोकळी आहे. ती बॉडीवाल्याकडून भरून घ्या, प्लायचा आधार देऊन किंवा कडक फोम घालून. हे वॉरंटीतच करून घ्यायचं काम आहे, त्यात भीड ठेवू नका. त्यानंतर ट्रेच्या मापाची लाकडी पट्ट्यांची जाळीदार फळी करून घ्या, पट्ट्यांखाली रबर लावून. वजन पसरतं, पायही घसरत नाही. बादली 10 लिटरची, तीही अर्धी. स्टूल फळीवर, आणि बसणाऱ्याची पाठ दाराकडे. आमच्या घरी वडिलांसाठी हेच केलं आहे, बादली सुटली नाही आणि बाहेरचा पायपुसण्याचा कपडा कोरडा राहतो.

सासूबाईंना धरायला दांडा लागेल. तो भिंतीच्या पातळ पत्र्यात स्क्रू मारून लावू नका, हातात येईल. आतल्या सांगाड्यात बोल्ट जायला हवा आणि भोकात सीलंट भरायला हवं. बाकी साबणदाणी, टॉवेलचे हूक, मुलांच्या ब्रशचा डबा, सगळं चिकटवायचं. शॉवरच्या भिंतीत एकही जास्तीचं भोक नको.

एवढं झाल्यावर, सांधाच दोषी निघाला तर सिलिकॉन. सॅनिटरी लिहिलेलं, बुरशीरोधक घ्या. जुन्यावर नवं चिकटत नाही, त्यामुळे जुनं मुळासकट निघालं पाहिजे. प्लास्टिकची पट्टी किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड खरवडायला उत्तम, ब्लेडनं ट्रेवर चरे पडतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि एक दिवस पंखा लावून वाळू द्या. भरताना ट्रेमध्ये पाण्याच्या दोन बादल्या फळीवर ठेवा, म्हणजे सांधा उघडलेल्या स्थितीत भरला जाईल. किमान 24 तास बादल्या हलवायच्या नाहीत आणि शॉवर लावायचा नाही. दाराची अ‍ॅल्युमिनियमची चौकट बाहेरच्या बाजूनं सील करा, आतून नाही. चौकटीत शिरलेल्या पाण्याला परत ट्रेमध्ये उतरायला वाट लागते. प्लंबर व्हाइट सिमेंट किंवा एम-सील काढायला लागला तर हात धरा त्याचा. घराची भिंत जागची हलत नाही, तिथे ते ठीक. इथे भिंत पेंचच्या वाटेवरच्या मनसरपर्यंतच हजारदा हलते, आणि कडक झालेला माल तडकतो.

नागपूरचा उन्हाळाही या हिशेबात धरा. मे महिन्यात 45 अंशांच्या वर बाहेर, आणि बंद ट्रेलरमध्ये त्याहून कितीतरी जास्त. जाळीवाली प्लास्टिक नळी त्यात मऊ पडते आणि क्लॅम्पखालून सरकते. उन्हाळा संपला की सगळे क्लॅम्प एकदा पेचकसानं तपासायचे. टाकी शक्यतो नळाच्या पाण्यानं भरा. बोरिंगच्या पाण्याचा क्षार वॉशरवर बसतो आणि नळ नीट बंद होत नाहीत. गाडी चालताना आणि रात्री झोपताना पंपाचा स्विच बंद, ही सवय मुलांनाही लावा. वाटेत जोड निखळला आणि पंप चालू असला तर अख्खी टाकी फरशीखाली जाते.

बस्तान बसवण्याबद्दल थोडक्यात. पेंचच्या आधी एक रात्र रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकडे काढा. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, काही राहिलं तर घरी परतता येतं. मुक्कामाची जागा आधी विचारून ठरवा. डाळ-तांदळाचे डबे, कुकर, जड सामान खाली आणि चाकांच्या आसपास, वरच्या कपाटात फक्त कपडे. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ओढत नेऊ नका. सिलिंडर उभा बांधायचा, चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. कोण कुठे झोपणार ते घरासमोरच ठरवा, रात्री दहाला जंगलाजवळ त्यावर भांडण नको. सासूबाईंना दाराजवळची, खालची जागा.

पेंचला डिसेंबरात गेलात तर सकाळी गाद्यांखाली ओल दिसेल आणि तुम्हाला वाटेल, शॉवर परत गळला. बहुधा नाही. पाच जणांचा श्वास रात्रभर बंद डब्यात थंड भिंतीवर बसतो. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि गाद्या सकाळी उभ्या करा. खरी गळती ओळखायची तर पेन्सिलची ती रेघ पाहा. ओल तिच्या पुढे सरकली असेल तरच शॉवरकडे वळा.

बाकाखालचा प्लाय आत्ताच चमच्याच्या मागच्या टोकानं ठोकून पाहा. ठणठणीत वाजला तर नुसता वाळवून भागेल. बद्द वाजला किंवा टोक रुतलं, तर तेवढा तुकडा बदलायला लावा. बाक उघडा ठेवून कूलरचा पंखा, पाणी न घालता, दोन-तीन दिवस तिकडे वळवा. लाल पाण्याची चाचणी झाली की काय निघालं ते इथे लिहा, आणि कपलिंग खालून दिसत असेल तर त्याचा फोटो टाका. वॉशर उलटा बसवलाय का, ते फोटोवरून सांगता येईल.