वाचक विचारतात : शिकवायला परदेशी निघताना

मस्कतच्या शाळेतल्या माझ्या वर्षांबद्दल या सदरात लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांना तिथल्या वर्गाबद्दल काही विचारायचं नाही, व्हिसाच्या कागदांबद्दल विचारायचं आहे. त्यातली तीन पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याला सविस्तर उत्तर देते, कारण बाकीच्या अनेकींच्या अडचणी त्यातच आल्या आहेत.

प्रश्न : बाई, मी कळव्याला राहते. ठाण्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते, नोकरीत कायम आहे. बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही मुंबई विद्यापीठाचं. दुबईतल्या एका सीबीएसई शाळेने ऑनलाइन मुलाखत घेऊन ऑफर लेटर पाठवलंय, एप्रिलमध्ये हजर व्हायला सांगतात. ‘पदव्या अटेस्ट करून आणा’ एवढंच कळवलंय. पदव्यांवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. स्टेशनजवळचा एक एजंट सगळ्याचे मिळून साठ हजार मागतो आणि मूळ पदव्या आजच द्या म्हणतो. घरचे म्हणतात, राजीनामा देऊन मोकळी हो, म्हणजे धावपळीला वेळ मिळेल. मला काही सुचेनासं झालंय. कुठून सुरुवात करू?
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : राजीनामा देऊ नका. आणि पावतीशिवाय मूळ पदव्या कुणाच्याही हाती देऊ नका. या दोन गोष्टी आज पाळल्यात तर बाकी सगळं निस्तरता येतं.

आता नावाचं बघू. समजा तुमच्या पदवीवर ‘पाटील स्नेहल रमेश’ आहे आणि शेवटी आईचं नाव सुनीता. पासपोर्टवर ‘स्नेहल अमित जाधव’. आपल्याकडे कुठल्याही शाळेच्या ऑफिसात हे दोन कागद शेजारी ठेवले तर क्लार्क दुसरा प्रश्न विचारत नाही. आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, हे त्याला पाठ असतं. दुबईत कागद तपासणाऱ्याला ही पद्धत ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याच्या समोर दोन वेगळ्या बायका आहेत. त्यांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची पावती इथे चालणार नाही. नोंदणी केली नसेल तर ती आधी महापालिकेत करून घ्या. १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली उशिरानेही नोंदणी होते, तीन साक्षीदार मात्र लागतात. प्रमाणपत्र हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. तुमचं लग्नाआधीचं नाव पदवीशी आणि नंतरचं नाव पासपोर्टशी, इंग्रजी स्पेलिंगसकट, अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. ‘होईल ॲडजस्ट’ असं खिडकीपलीकडून कुणी म्हणालं तरी ऐकू नका, कारण ते ॲडजस्ट करायला दुबईत तो माणूस नसेल. हे प्रमाणपत्रही पदव्यांबरोबर अटेस्ट करून घ्या. पुढे घरच्यांना तिकडे बोलवायचं झालं तर तेव्हाही तेच लागतं.

अटेस्टेशन म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेतलंत की एजंट तुम्हाला घाबरवू शकणार नाही. माझी बी.एड.ची पदवी उलटी करून बघते तेव्हा मागे एकाखाली एक शिक्के दिसतात : राज्य शासनाचा, त्याखाली दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, शेवटी दूतावासाचा, अरबी अक्षरांचा. यातल्या एकानेही मी बी.एड.ला काय शिकले ते तपासलेलं नाही. विद्यापीठाने पदवी खरी आहे म्हणून सांगितलं. राज्य शासनाने त्यावर भरवसा ठेवून शिक्का दिला. दिल्लीने राज्याच्या अधिकाऱ्याची सही ओळखली, दूतावासाने दिल्लीची ओळखली. प्रत्येक कचेरी फक्त आधीच्या कचेरीची सही ओळखते. म्हणून क्रम बदलता येत नाही, मधली पायरी गाळता येत नाही आणि कितीही ओळख काढली तरी दूतावास थेट पदवीवर शिक्का मारत नाही. दुबईत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का होतो, तो या रांगेतला शेवटचा.

तुम्हाला कुणी ‘अपोस्टील करा, स्वस्तात होतं’ असंही सांगेल. अपोस्टील हा हेग कराराखालचा एकच शिक्का आहे, करारातल्या देशांना तेवढा पुरतो. भारतात तो २००५ पासून मिळतो. ओमान आणि सौदी अरेबिया आता तो मानतात, पण यूएई, म्हणजे दुबई जिच्यात येते ती संयुक्त अरब अमिराती, या करारात नाही, त्यामुळे तुम्हाला दूतावासापर्यंतची पूर्ण वाटच चालावी लागेल.

तर क्रम असा. विद्यापीठाकडून दोन्ही पदव्यांची पडताळणी करून घ्या, कलिन्याला. तिथेच तुम्ही नियमित विद्यार्थिनी होतात, दूरशिक्षणाची नव्हे, असं पत्र मागून ठेवा. आज शाळेने मागितलं नसेल, पण तिकडे पदवी मान्य करून घेताना हा प्रश्न येतो, आणि तेव्हा दुबईहून कलिन्याला पत्रव्यवहार करणं फार त्रासाचं आहे. मग राज्य शासनाचं साक्षांकन. कोणत्या खात्याच्या कोणत्या अधिकाऱ्याची सही दिल्लीला चालते, त्याची राज्यवार यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. ती वाचून मगच मुंबईतल्या मंत्रालयाची वाट धरा. परराष्ट्र मंत्रालय कागद नेमून दिलेल्या एजन्सींमार्फत घेतं. त्यांची नावंही त्याच संकेतस्थळावर आहेत. एजन्सीचा सेवा आकार वेगळा द्यावा लागतो. दूतावासाची फी मात्र जड असते. आता तुमच्या एजंटाला विचारा की साठ हजारांत विद्यापीठाचे किती, दूतावासाचे किती आणि तुमचे स्वतःचे किती, ते लिहून द्या. प्रामाणिक माणूस लिहून देतो. मी एजंटांच्या विरोधात नाही. शाळा सांभाळून कलिना, मंत्रालय, दूतावास अशी फेरी प्रत्येकीला जमत नाही, आणि जिला जमत नाही तिने मेहनताना देऊन काम करून घ्यावं. पण कागदाचं नाव, क्रमांक, तारीख आणि परत देण्याची मुदत लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पदवी हातातून सोडू नका. त्याआधी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेवा.

आणखी एक विचारते, पदवी लॅमिनेट केलेली नाही ना? रविवारी माझ्याकडे चरईला शिक्षक येतात, प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढतात आणि अर्ध्याअधिक पदव्या लॅमिनेट केलेल्या निघतात. वडिलांनी मायेने करून ठेवलेलं असतं. त्या प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. घरी इस्त्रीने किंवा ब्लेडने सोडवायला जाऊ नका, शाई आणि सही दोन्ही प्लास्टिकबरोबर उचकटून येतात. सरळ विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी बघा.

आता राजीनामा. तुम्ही अनुदानित शाळेत कायम आहात, म्हणजे १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे तुम्हाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. व्यवस्थापनाची तयारी असेल तर नोटिशीच्या काळाचा पगार भरून लवकर सुटता येतं. तुमच्या घरच्यांना वाटतं त्याच्या नेमकं उलट आहे हे. सुटण्याची सोय नियमातच आहे, परत येण्याची नाही. कायम नोकरी एकदा सोडली की ती जागा पुन्हा तुमची होत नाही. ऑफर लेटर म्हणजे व्हिसा नव्हे. शाळेने तिथल्या कामगार मंत्रालयाकडून परवाना काढला, तुमच्या नावाचं एन्ट्री परमिट आलं, त्यावरचा पासपोर्ट क्रमांक तुम्ही स्वतः ताडून पाहिलात, की मग मुख्याध्यापकांच्या टेबलावर राजीनामा ठेवा. दुबईच्या शाळेला आजच ईमेल करा : माझी नोटीस तीन महिन्यांची आहे, परमिट आल्यावर मी ती देईन किंवा पगार भरून सुटेन, हजर होण्याची तारीख त्याप्रमाणे ठरवू. शिक्षक हवा असलेली शाळा हे समजून घेते. जी शाळा ‘आधी राजीनाम्याची प्रत पाठवा, मग व्हिसा’ म्हणते, तिच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गणिताच्या शिक्षिकेला दुसरी शाळा मिळते.

नोकरीत असतानाच अनुभवाचं प्रमाणपत्र घ्या. लेटरहेड, जावक क्रमांक, मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का, शिवाय जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. शाळेत रोज समोरासमोर असताना जो कागद चहाच्या सुट्टीत टाइप होतो, तोच शाळा सोडल्यावर महिनोन्‌महिने अडकतो.

खर्चाचं शेवटचं. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करता येत नाही. पदव्यांचं अटेस्टेशन बहुतेक वेळा आपल्याच खिशातून होतं, पण ‘व्हिसा फी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर शाळेच्या एचआरला लेखी विचारा. तिथे पोचल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, होतं. पासपोर्ट तुमच्याकडेच राहिला पाहिजे, मालकाने तो ठेवून घेणं तिथल्या कायद्याला मान्य नाही.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, भौतिकशास्त्र शिकवतो. इंग्लंडमधल्या एका शाळेने निवड केली आहे. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप दिलं म्हणतात, पण ईमेलवर फक्त एक नंबर आलाय. कागद कधी येणार? टीबीची तपासणी आणि पोलिसांचा दाखला आत्ता करू की व्हिसाचा अर्ज भरल्यावर?
— एक शिक्षक, ऐरोली

उत्तर : सर, कागद येणार नाही. तो नंबर हेच सर्टिफिकेट आहे, त्याची नोंद त्यांच्या गृहखात्याच्या संगणकात असते. शाळेकडून त्यातला तपशील मागवून घ्या आणि नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पगार नीट वाचा. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं, त्यात शाळेचं नाव शोधा. नंबर मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो, त्यामुळे बाकीचे कागद आत्ताच गोळा करा.

टीबीची तपासणी त्यांनी मान्यता दिलेल्या क्लिनिकमध्येच चालते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा एक्स-रे नाही. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीची तपासणी सांगतात आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणून ती आधी.

पोलिसांचा दाखला म्हणजे पीसीसी, तो पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून, शुल्क ५०० रुपये. शिक्षकांना तो इंग्लंडसाठी लागतोच, आणि गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या कुठल्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलाही. पासपोर्टवर गावचा पत्ता असला तरी अर्जात राहता पत्ता ऐरोलीचाच द्या. चौकशी स्थानिक पोलीस ठाण्याकडे येते, तेव्हा आधार, लाइट बिल, भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करार आणि सोसायटीचं पत्र तयार ठेवा. पोलीस घरी आले आणि दाराला कुलूप असलं तर प्रकरण मागे पडतं. शेजाऱ्यांना सांगून ठेवा आणि पोलीस ठाण्यात आपणहून जाऊन चौकशी करा.

पैशांची तरतूद व्हिसा फीपुरती करू नका. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम भरायचा असतो, तीन वर्षांचे ३,१०५ पौंड. शिवाय खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात, शाळेने तेवढी हमी घेतली असेल तर नाही. आणि क्यूटीएस, म्हणजे इंग्लंडमधली पात्र शिक्षक म्हणून मान्यता, काढलं नसेल तर त्याचाही अर्ज करा. २०२३ पासून भारतात पात्र झालेल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना, ११ ते १६ वयोगटासाठी, तो थेट करता येतो.

प्रश्न : मुलीचा मॉन्टेसरीचा कोर्स झालाय. एजंट म्हणतो, दीड लाख द्या, व्हिजिट व्हिसावर यूएईला पाठवतो, तिथे गेल्यावर शाळा मिळवून देतो, व्हिसा तिकडेच बदलून होतो. पाठवू का?
— एक वडील, खारघर

उत्तर : पाठवू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत बेकायदा आहे, एक दिवस वर्गात उभं राहिलं तरी. पकडलं गेलं तर त्रास मुलीला होतो, एजंटाला नाही. त्याला दोन गोष्टी विचारा. ज्या शाळेत नोकरी आहे तिचं नाव आणि सही-शिक्क्याचं ऑफर लेटर कुठे आहे? आणि परराष्ट्र मंत्रालयाचा भरती एजंटाचा नोंदणी क्रमांक काय? तो क्रमांक त्या मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून सेवा शुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दीड लाख मागणारा माणूस इथेच नियम मोडतो आहे. पैसे दिले असतील तर बँकेची नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज, जे असेल ते जपून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्या. बीकेसीतल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचं हित बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे, तिथेही तीच तक्रार नेऊन द्या. मुलीला म्हणावं, तोवर इथल्याच एखाद्या बालवाडीत रुजू हो. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या उमेदवाराचा अर्ज शाळा स्वतः वाचतात, मध्ये कुणी लागत नाही.