राउटर बॅगेत नको, माडीवर लाव

भावा, तुझे प्रश्न तीन. केबलवाल्यानं बसवलेला फायबरचा डबा जर्मनीला न्यायचा का, दाजींनी दिलेला जुना टीपी-लिंक राउटर तिकडं चालेल का, आणि श्टुटगार्टला राउटर जुना घ्यावा की नवा. मधेच एका ओळीत लिहिलंयस की माडीवर आईचा व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. माझ्या मते खरा प्रश्न हा चौथाच. तिकडचं इंटरनेट तू काही ना काही करून चालू करशीलच. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरात मात्र बटण दाबायलाही तू नसणार. म्हणून आधी घरचं बघू.

फायबरचा डबा आहे तिथंच राहू दे. तो बहुतेक कंपनीच्याच मालकीचा असतो आणि त्याचा सिरियल नंबर तुमच्या कनेक्शनला बांधलेला असतो. गल्लीतल्या दुसऱ्या कंपनीच्या फायबरवरसुद्धा तो चालत नाही, जर्मनी लांबच राहिली. दाजींचा राउटर तिकडं चालेल, नाही असं नाही. वीज दोन्हीकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच, आणि दोन पिनांचा ॲडाप्टर तिथल्या सॉकेटात बहुधा बसतो. पण त्यात मोडेम, म्हणजे कंपनीच्या तारेतला सिग्नल ओळखणारा भाग, नाही. म्हणजे तिथं त्याच्याआधी आणखी एक डबा लागणारच, मग हा ओझं म्हणून कशाला? तेवढ्या वजनात चटणी ने.

दाजींचा राउटर माडीवर लाव, त्याचं खरं काम तिथं आहे. तुमच्या घराच्या भिंती जुन्या, जाड. खालच्या डब्याचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जिन्यातच दम टाकतो, २.४ चा वर पोचतो पण रडतखडत. ते बाजारात मिळणारे रिपीटर घेऊ नकोस. आधीच अशक्त झालेला सिग्नल पकडून ते पुढं ढकलतात, आणि त्यातले स्वस्तातले तर वेग निम्म्यावर आणतात. खालून वर एक लॅन केबल ओढ आणि राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून वापर, म्हणजे केबलनं आलेलं नेट त्यानं फक्त वाय-फायनं वाटायचं. केबल कॅट ६ किंवा कॅट ५ई, आतली तार पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल दुकानदार हळूच गळ्यात मारतो, तेव्हा ठामपणे विचारून घे. आणि केबल जिन्यातून आतून ने, गच्चीवरून नको. वळवाच्या पावसात गावात काय विजा पडतात ते तुला सांगायला नको. फायबरमधून वीज येत नाही, पण उघड्यावरच्या तांब्याच्या तारेतून झटका येतो आणि दोन्ही डबे एकदमच जातात.

आता राउटर. वापरलेला आहे, म्हणजे दाजींच्या कनेक्शनचं नाव-पासवर्ड अजून त्याच्या पोटात आहे. ॲडाप्टर लावून ठेव, मागच्या रिसेटच्या बारीक भोकात टाचणी घाल आणि पुढचे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धर, साधारण दहा सेकंद. काही मॉडेलांवर रिसेट आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडायची सोय) एकाच बटणावर असतात, तिथं जास्त वेळ दाबावं लागतं. ॲडाप्टरही एकदा पडताळून बघ. राउटरच्या खाली १२ व्होल्ट, १ ॲम्पिअर असं काही लिहिलेलं असतं. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. घरात पडलेला दुसऱ्याच कशाचा तरी ॲडाप्टर पिन बसते म्हणून लावू नये. पिन बसते, पण राउटर जळू शकतो.

मग लॅपटॉप केबलनं राउटरच्या लॅन पोर्टाला जोड. फायबरचा डबा अजून जोडायचा नाही. ब्राउझरमध्ये खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाक, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असेल. पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड बदलायचं. दुसरं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं करायचं. स्टिकरवर मॉडेलच्या पुढं व्हर्जन १, व्हर्जन २ असं छापलेलं असतं, कंपनीच्या साइटवरून नेमकी त्याच व्हर्जनची फाइल घे, कारण चुकीची चढवली तर राउटर कायमचा गप्प होऊ शकतो. सिक्युरिटी, म्हणजे वाय-फायचं कुलूप, डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेव. त्यात फक्त जुनं डब्ल्यूईपीच असेल तर राउटर सरळ भंगारात दे. डब्ल्यूपीएस बंद कर, त्याचा आठ आकडी पिन फोडता येतो हे २०११ मध्येच उघड झालंय.

नव्या मॉडेलांत ॲक्सेस पॉइंट मोड नावाचा पर्याय असतो, तो निवडला की बाकीचं राउटरच बघतो. दाजींच्यात नसेल तर हातानं करावं लागेल, आणि लोकांचं घोडं इथंच अडतं. फायबरच्या डब्याचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो. आपल्या राउटरला पहिले तीन आकडे तेच पण शेवटचा वेगळा असा पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.२, आणि तो आकडा डबा इतरांना वाटतो त्या यादीबाहेरचा असावा. मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टाक, आणि अगदी शेवटी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद कर. तो चालू राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतात, कुणाचा मोबाइल कुणाचं ऐकेल सांगता येत नाही, आणि ‘वाय-फाय दिसतंय पण नेट नाही’ हा आईचा फोन तुला ड्युटीवर असताना येतो. खालून आलेली केबल राउटरच्या लॅन पोर्टात खोचायची. वेगळ्या रंगाचं जे वॅनचं पोर्ट असतं ते मोकळंच ठेवायचं.

नाव आणि पासवर्ड खालच्या डब्याचाच वर दे, अक्षर न अक्षर तेच. म्हणजे आई खालून वर गेली की मोबाइल आपला आपण जवळचा सिग्नल धरतो, तिला काही निवडावं लागत नाही. चॅनेल मात्र वेगळं ठेव. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हीच तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. राउटर लोखंडी कपाटावर नको, जिन्याच्या तोंडाशी उंचावर ठोक.

लाइट गेली तर? घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही डबे त्याच्या लाइनवर घे. नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण खाली एक आणि वर एक असे दोन लागतील. नुसता वरचा चालू राहून उपयोग नाही. घर नदीच्या अंगाला असतं तर डबाच वर हलव म्हणालो असतो, २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनीच बघितलाय. तुमच्याकडं तो प्रश्न नाही.

निघण्याआधी आणखी दोन गोष्टी कर. एक, खालच्या डब्यावर मार्करनं ठळक १ लिही, वरच्यावर २. शेजारी कागद चिकटव: दोन्ही बंद करायचे, आधी १ लावायचा, तीन मिनिटं थांबायचं, मग २. डब्यावर पॉन नावाचा हिरवा दिवा स्थिर पाहिजे. एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर कुठंतरी फायबर तुटलीय किंवा निसटलीय, घरात काहीही करून उपयोग नाही, केबलवाल्याला फोन. एवढं एक आईला कळलं तरी तुझे निम्मे कॉल वाचतील. दुसरं, एका संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बस आणि तिथून फोनवर आईकडून हे सगळं करून घे. शेजारी उभं राहून शिकवलंस तर ती मान हलवेल आणि तू निघाल्यावर विसरेल. लांबून राउटर उघडता यावा म्हणून रिमोट मॅनेजमेंट मात्र चालू करू नकोस, ते दार जगाला उघडं असतं. व्हिडिओ कॉलवर दिवे दाखवले की पुरतं. वेळेचं गणित आत्ताच धर. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. तू सहाला घरी आलास की इकडं साडेनऊ किंवा साडेदहा.

आता श्टुटगार्ट. खोलीत गेल्यावर भिंत बघ. तीन खाचांचं चौकोनी सॉकेट असेल तर डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, टीव्हीच्या केबलसारखं गोल असेल तर केबल. राउटर त्यावर ठरतो, म्हणून इथून काहीच ठरवू नकोस. पहिले काही आठवडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढायची तयारी ठेव, कारण कनेक्शन मागितलं की लगेच मिळत नाही. टेक्निशियन कधीकधी अर्ध्या दिवसाची वेळ देतो आणि तेवढा वेळ तुला घरी बसावं लागतं. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: टपालपेटीवर आणि बेलवर तुझं आडनाव लागलेलं पाहिजे. लॉगिनची माहिती बऱ्याच कंपन्या पत्रानं पाठवतात, पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेतो. टेक्निशियनही बेलवरचं नाव शोधतो. नाही दिसलं की निघून जातो.

राउटर आपल्या पसंतीचा लावायचा हक्क तिथं कायद्यानं आहे, ऑगस्ट २०१६ पासून. म्हणून कंपनीचा राउटर दरमहा भाड्यानं घेऊ नकोस. क्लाइनअनत्साइगन नावाच्या साइटवर फ्रिट्झबॉक्स या तिथल्या कंपनीचे जुने राउटर ढिगानं असतात. डीएसएलसाठी ७४९० हे २०१३ चं मॉडेल स्वस्त पडतं, पण ते १०० एमबीपर्यंतच. २५० चा प्लॅन घेणार असशील तर ७५३० किंवा ७५९० बघ. केबलच्या राउटरला जास्त सांभाळून. कंपनीनं भाड्यानं दिलेले राउटर काही लोक आपलेच म्हणून विकतात आणि मग कंपनी ते तुझ्या नावावर चालू करत नाही. मूळ बिल दाखव म्हणायचं. नाही म्हणाला तर सोडून द्यायचं. आगाऊ पैसे कुणालाही नाहीत, वस्तू त्याच्या घरी जाऊन, चालू करून बघायची. खालचं स्टिकर शाबूत आहे का बघ, पासवर्ड त्यावरच असतो. आणि फॅक्टरी रिसेट त्याच्याकडूनच समोर करून घे.

घरी आल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१७८.१ टाक. लोक नुसतं फ्रिट्झ डॉट बॉक्स टाकतात. घरच्या वाय-फायवर ते चालतंही, पण २०२४ च्या सुरुवातीला ते नाव भलत्यानंच इंटरनेटवर आपल्या नावे केलं होतं, फ्रिट्झबॉक्सच्या कंपनीला ते भांडून मिळवावं लागलं. आकडे बरे. पुढं पत्रातली माहिती भरायची, अपडेट घ्यायचं, एवढंच.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसव. टॉरेंट तिथं अजिबात नाही. कोल्हापुरात चालतं ते तिथं चालत नाही. सिनेमा टॉरेंटवर टाकला-घेतला की वकिलाची नोटीस घरी येते, शेकडो युरो मागणारी, आणि ती ज्याच्या नावावर कनेक्शन त्याला येते. खोलीत आणखी दोघंतिघं राहणार असशील तर त्यांनाही पहिल्याच दिवशी सांग आणि पाहुण्यांसाठी गेस्ट वाय-फाय वेगळं ठेव.

केबल घ्यायला जाण्याआधी फायबरच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, पासवर्डवर बोट ठेवून. लॅनची किती पोर्ट मोकळी आहेत आणि त्यातली कुठली गिगाबिटची, ते बघून सांगतो. काही डब्यांवर एकच असतं.