शाळा बंद असताना मुलांचा अभ्यास घरी चालू ठेवायला फुकटात ऑनलाइन काय काय मिळतं? यादी द्याल का?

यादी नाही देणार. दोन-चार नावं खाली येतील, पण ती यादी समजू नका.

तुम्हीच लिहिलंय की शाळा काही आठवडे बंद आहे, मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत, घरात फोन एकच, आणि शाळेच्या ग्रुपवर इतक्या लिंका येऊन पडताहेत की कुठली उघडावी ते कळत नाही. आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही अजून लिंका मागताय! रागावू नका, हा प्रश्न वाचला आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

मी विज्ञान शिकवते. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा युनेस्कोच्या हिशेबाने जगभरातले दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी एकदम घरी बसले होते. त्यात आमची शाळाही होती. पहिल्याच आठवड्यात आमच्या पर्यवेक्षक सरांनी एक तक्ता काढला: शिक्षकाचं नाव, विषय, इयत्ता आणि शेवटच्या रकान्यात ‘पाठवलेल्या लिंकांची संख्या’. रोज संध्याकाळी तो भरायचा आणि मग तो सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरायचा. कुणाच्या नावापुढे बारा, कुणाच्या पंधरा. इतिहासाच्या एका बाईंनी एका दिवसात तीसचा टप्पा ओलांडला तर त्यांना टाळ्यांचे इमोजी. माझ्या नावापुढे एक. कधी शून्यही, कारण कालची लिंक आजही पुरणार असायची. ‘बाई, आपण पगार घेतो,’ असं सर ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. मी माइक बंद ठेवला. तेव्हा बोलले असते तर नोकरीवरच आलं असतं.

मी काय करत होते ते सांगते. धडा होता विजेच्या परिपथाचा. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी तो 2002 मध्ये सुरू केला. त्यात विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स आहेत, म्हणजे पडद्यावरची प्रयोगशाळाच. फुकट, जाहिराती नाहीत, बऱ्याच प्रयोगांची मराठी भाषांतरंही आहेत. मुख्य म्हणजे एकेका प्रयोगाची फाइल एकदा उतरवून घेतली की पुढे नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. परिपथाच्या प्रयोगात सेल, वायर, दिवे असतातच, शिवाय जोडून बघायला काही फुटकळ वस्तू दिल्यात: नाणं, कागदाची क्लिप, खोडरबर, पेन्सिल, नोट, माणसाचा हात आणि चक्क एक कुत्रा.

मी ती एक फाइल पाठवली आणि सोबत एकच काम दिलं. कुठल्या वस्तूतून वीज जाईल याचा अंदाज आधी वहीत लिहायचा, मग जोडून बघायचं, आणि जिथे अंदाज चुकला तिथे खूण करायची. बस. आणि संध्याकाळी मी थोड्या थोड्या मुलांना फोन करायचे. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन. ‘काय केलंस ते सांग,’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा होता. त्याच्याकडचा फोन वडिलांचा, म्हणजे वडील कामावरून आल्यावरच हाती यायचा. पहिलं वाक्य: ‘बाई, मी कुत्रा लावला.’ मी म्हटलं, बरं, मग? ‘काही नाही झालं. पण पेन्सिल लावली तर दिवा मंद लागतो. लाकडातून वीज कशी जाते?’ उत्तर जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, पेन्सिलीत नुसतं लाकूडच असतं का? तो म्हणाला, ‘उद्या सांगतो,’ आणि फोन ठेवून दिला. शिक्षकाचा फोन विद्यार्थ्याने आपणहून ठेवावा, याचा मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा एक धूसर फोटो आला. पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोक केलेली, टॉर्चचे सेल, टॉर्चचाच छोटा दिवा, आणि तो दिवा मिणमिणतोय. (फक्त टॉर्चचे सेल वापरायचे, भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, हे मी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तुम्हीही बजावा.) खाली त्याने लिहिलं होतं, ‘लाकूड नाही. शिसं.’ मग ते शिसं म्हणजे खरं तर ग्रॅफाइट, कार्बनचं एक रूप, त्यातून वीज का जाते, हे पुढच्या फोनवर. तो धडा त्या मुलाने वाचला नाही, केला.

हा किस्सा मी मीटिंगमध्ये सांगितला. सर म्हणाले, ‘एका मुलाचं उदाहरण झालं, बाकीच्यांचं काय?’

बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी फाइल उघडलीच नव्हती. कुणाकडे डेटा संपला होता, कुणाचा फोन जुना, कुणी सरळ कंटाळा केला. पण हे मला माहीत होतं, नावानिशी, कारण मी फोन करत होते. ज्यांची फाइल उघडत नव्हती त्यांना मी फोनवरूनच आकृती काढायला लावली. सरांच्या तक्त्यात पंधरा लिंकांपैकी किती उघडल्या याचा रकानाच नव्हता. लिंक पाठवणं म्हणजे शिकवणं नव्हे. तेव्हा ग्रुपवर लिहिता आलं नाही, इथे लिहिते.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. 1937 साली शिकागोमध्ये पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडणं लांबलं, तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून जास्त मुलांना रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ दिले गेले. वेळापत्रक आणि गृहपाठ वर्तमानपत्रांत छापून यायचा. ती त्या काळातली फुकटातली दूरशिक्षणाची साधनं. पण सोबत त्यांनी एक टेलिफोन व्यवस्थाही ठेवली होती, त्यावर शिक्षक बसलेले असायचे. पहिल्याच दिवशी इतके फोन आले की शिक्षकांची संख्या वाढवावी लागली. रेडिओ सगळ्यांना आठवतो, फोनवर बसलेले ते शिक्षक कुणाला आठवत नाहीत.

खान अकॅडमी या फुकट व्हिडिओ-पाठांच्या संकेतस्थळाचंही तेच. सलमान खान (नट नव्हे) 2004 मध्ये दुसऱ्या शहरातल्या आपल्या नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवत होते. व्हिडिओ दोन वर्षांनी आले. आधी ‘तुला कुठे अडलं?’ विचारणारा माणूस होता, व्हिडिओ त्यानंतर. आपण मात्र व्हिडिओ उचलला आणि माणूस सोडून दिला.

आता तुमचा प्रश्न. मुलीसाठी विज्ञान-गणिताला फेट, एवढं एकच. भूमिती चालू असेल तर जिओजेब्रा घ्या. कोन आणि त्रिकोण बोटाने ओढून बदलता येतात, ते वहीत होत नाही. तिसरीतल्या मुलाला ‘स्टोरीवीव्हर’. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं भांडार आहे. मराठीत भरपूर पुस्तकं, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली, आणि उतरवून, छापून घेतली की फोन बंद करून वाचता येतात. परवाना मोकळा असल्याने छापायला, वाटायला कुणाची हरकत नाही. हाताने काही करायचं असेल तर अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी बघा, व्हिडिओ छोटे आहेत. पण व्हिडिओ तुम्ही आधी बघा, मग फोन ठेवून मुलासोबत खेळणं करा. त्याच्या हातात फोन दिलात तर तो तीन खेळण्यांचे व्हिडिओ बघेल आणि एकही करणार नाही.

नेट धड चालत नसेल तर कीविक्स. त्यातून विकिपीडिया उतरवून बिननेटचा वाचता येतो. हे कुणीतरी जाणकाराकडून एकदा लावून घ्या. बाकी तुमच्या ग्रुपवरचं सगळं ‘म्यूट’.

‘फुकट’ या प्रकाराबद्दल जरा कठोर बोलते. शाळा बंद पडल्या की कंपन्या दारं उघडतात. ‘तीस दिवस मोफत’ म्हणतात आणि कार्डाचा नंबर मागतात. कार्ड मागितलं की ते फुकट नव्हे, बाहेर पडा. मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा भरायला लावणाऱ्या अॅपचंही तेच. वर सांगितलेलं फेट वापरायला किंवा स्टोरीवीव्हरवर पुस्तकं वाचायला खातं काढायचीही गरज नाही.

किती वेळ बसवायचं, तर तुमच्या घरात एक फोन आहे, म्हणून उत्तर आपोआप येतं: मुलीला अर्धा तास, मुलाला त्याहून कमी, आणि उरलेला अभ्यास पाठ्यपुस्तक-वहीत. पाठ्यपुस्तक हेही साधनच आहे, हे लोक विसरतात. पडद्यावरचं बघून झालं की फोन बाजूला आणि मुलांना न बघता सांगायला लावा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. ‘आज मुलांनी अमुक इतके व्हिडिओ बघितले’ असा तक्ता भरणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरचंच दिसतं, म्हणून ते खूश असतात. (हो, मी पुन्हा सरांकडेच आले.)

ते प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होते, तिसरीतल्यावर नव्हे. तिसरीतल्याला लिहायला लावू नका, नुसतं सांगू दे, चित्र काढू दे. आणि माझ्या मताच्या विरोधातलंही एक सांगायला हवं: सलमान खान स्वतः सांगतात की त्यांच्या भावंडांना ते प्रत्यक्षापेक्षा यूट्यूबवरच जास्त आवडायला लागले, कारण तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं आणि ‘समजलं का?’ असं कुणी डोक्यावर बसून विचारत नाही. काही मुलांना खरंच तसं जमतं. तुमची मुलगी त्यातली असेल तर संध्याकाळी तिची उलटतपासणी घेऊ नका, तीच येऊन सांगेल. ज्या मुलांना ऐकायला-बघायला अडचण आहे किंवा एका जागी बसणंच अवघड आहे, त्यांच्यासाठी माझं वरचं सगळं अपुरं आहे. त्यांच्या विशेष शिक्षकांनाच विचारावं लागेल. आणि दोन्ही पालक दिवसभर कामावर असतील तर संध्याकाळी विचारणारा माणूस म्हणून आजी, आत्या, शेजारची कॉलेजात जाणारी ताई, कुणीही चालेल. त्या व्यक्तीला विषय येत नसला तर उलट बरं, ती मध्येच उत्तर सांगून टाकणार नाही.

उद्या सकाळी एक करा. शाळेच्या ग्रुपवर न लिहिता मुलांच्या वर्गशिक्षकांना सरळ फोन लावा आणि विचारा: या आठवड्यात प्रत्येक विषयात नेमकी कुठली एक गोष्ट यायला हवी? त्यांनी सांगितलं तर तेवढंच करा. ‘लिंक पाठवते’ असं उत्तर आलं तर आभार माना आणि पुस्तकातला पुढचा धडा उघडा.