दोन लहान विमानतळांमधला उड्डाणाचा वेळ संकेतस्थळावर आणि तिकिटावर वेगळा का दिसतो?

दोन लहान विमानतळांमधले अंतर ४०० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ अर्धा तास असे संकेतस्थळ दाखवते, तिकिटावर मात्र सव्वा तास छापलेला आहे, तर यातले खरे काय धरावे, असे आपण विचारले आहे. प्रवासाची आखणी करताना सव्वा तासच धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

संकेतस्थळावरचे अंतर हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर असते आणि त्याला बहुतेक वेळा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे मोठ्या जेट विमानाच्या, वेगाने भागलेले असते. लहान विमानतळांवर पुष्कळदा पंख्यांची टर्बोप्रॉप विमाने येतात. एटीआर ७२ सारखे विमान उंचीवर स्थिरावल्यावर ताशी साधारण ५०० किलोमीटरने जाते. एवढ्यानेच अर्ध्या तासाची ४८ मिनिटे होतात. त्यात समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर ५३ मिनिटे लागतात आणि तोच वारा पाठीशी असेल तर ४४ पुरतात, म्हणून जाण्याच्या आणि येण्याच्या वेळांत फरक दिसला तर तो छपाईचा दोष समजू नये.

उरलेली मिनिटे जमिनीवर आणि विमानतळांच्या आसपास खर्च होतात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. विमान कंपन्या त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. अनेक लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानांना जमिनीवर ये-जा करण्याचा वेगळा रस्ता, नसतो. तेथे उतरलेले विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून त्याच धावपट्टीवरून सावकाश मागे येते आणि ती मोकळी होईपर्यंत दुसऱ्या विमानाला ना उतरता येते ना उडता येते. शिवाय उड्डाण शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच करायचे असल्याने विमानाला कधी इच्छित स्थळाच्या अगदी उलट दिशेला झेपावून मग वळावे लागते. चढताना वेगही कमीच असतो. जिथे रडार नाही तिथे ढगाळ हवेत उतरताना काही वेळा विमानतळावरच्या रेडिओ दीपस्तंभापर्यंत, म्हणजे दिशादर्शक रेडिओ लहरी सोडणाऱ्या यंत्रापर्यंत, येऊन, पुन्हा दूर जाऊन, वळून धावपट्टीशी सरळ रेषेत यावे लागते, आणि या एका फेरीतच आठ-दहा मिनिटे सहज जातात.

हा जवळजवळ ठरलेला खर्च २५ ते ३० मिनिटांचा धरावा. लांबच्या प्रवासात तो जाणवत नाही, परंतु ४०० किलोमीटरच्या प्रवासात तो एकूण वेळाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरतो, आणि याच कारणाने एवढ्या अंतरावर जेट व टर्बोप्रॉप यांच्यातला फरकही बहुधा पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जात नाही. स्वतः अंदाज बांधायचा असल्यास आधी विमानाचा प्रकार पाहावा, अंतराला त्याच्या वेगाने भागावे आणि त्यात ही मिनिटे मिळवावीत. आपल्या उदाहरणात उत्तर ७३ ते ७८ मिनिटे येते.