कोयता निघण्याआधी

प्रिय नव्या शिक्षकास,

बीड जिल्ह्यातली, त्यातही ऊसतोडीला जाणाऱ्या गावातली शाळा मिळाली म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला वर्ग निम्मा रिकामा होणार, हे धरूनच चाल. पण मूल शाळेतून सुटतं ते ट्रॅक्टर हलतो त्या दिवशी नव्हे. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते आणि कोण जाणार, कोण मागे राहणार हे घरात तेव्हाच ठरतं. त्यामुळे तुझं काम ऑगस्टमध्ये सुरू व्हायला हवं.

एक वेगळी वही घाल. प्रत्येक मुलापुढे लिही: आईबाप कोणत्या मुकादमाच्या टोळीत, त्याचा फोन, कारखाना कुठला, गावात मागे कोण राहतं, आणि धाकट्या भावंडांची वयं. हा शेवटचा रकाना लोक गाळतात. खरी मेख तिथेच असते. पाचवीतल्या मुलीला नेतात ते ऊस तोडायला नाही, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वर्षाचं पोर सांभाळायला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आई बाळाजवळ थांबली तर कोयता अर्धा पडतो आणि उचल फिटत नाही. अशा घरी जाऊन शिक्षणाचं महत्त्व सांगू नकोस, ते त्यांना ठाऊक आहे. बोलायचं ते बाळाबद्दल. त्याचं दूध तुटलंय का, आजीजवळ राहील का, दिवसा अंगणवाडीत बसेल का? अंगावर पीत असेल तर टोळीबरोबर एखादी म्हातारी जातेय का, ते विचार. बाळाची सोय झाली तर मुलगी मागे राहू शकते.

मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत वर जायला हवा. नेहमी फसतं ते इथे: मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. यादी ऑगस्टच्या वहीतून तयार असेल तर महिनाभर वाचतो. पालकांना विचारून घे की रात्री मुलींजवळ कोण झोपणार. याचं उत्तर नावानिशी देता आलं नाही, तर मुली येणार नाहीत आणि त्यात पालकांची चूक नाही.

जे जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड दे; ते दाखवून मुलाला तिकडच्या शाळेत बसता येतं. त्यावर नुसती इयत्ता लिहून भागत नाही. ‘परिच्छेद वाचतो, जोडाक्षरांना अडतो, हातच्याची वजाबाकी येत नाही’ असं लिही, म्हणजे तिकडच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी हात घालता येईल. कार्ड आईच्या हातात दे, आपल्या फोनमध्ये त्याचा फोटो ठेव. तिकडची शाळा दाखला मागून परत पाठवू लागली, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांग: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथली जवळची शाळा बहुधा कानडी, कार्ड घेऊन मूल काय करणार? ही मुलं मागे ठेवायच्या यादीत सर्वांत वर घे.

आता हजेरीपट. गेलेल्या मुलाची हजेरी लावायचा मोह होतो, कारण पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षकाचं पद जाऊ शकतं. ही भीती खोटी नाही. तरी ती हजेरी लावू नकोस. कागदावर हजर असलेल्या मुलाला शोधायला कुणी जात नाही. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, पण तू तिसऱ्या दिवशी घर गाठ. तीस दिवस उलटेपर्यंत मुलाला दुसरा दिनक्रम लागलेला असतो.

मुलं परततात मार्च-एप्रिलमध्ये. पहिला आठवडा फार नाजूक. ‘इतके दिवस कुठे होतास?’ हा प्रश्न वर्गात विचारू नकोस, शेवटच्या बाकावर बसवू नकोस. एकेकाला बाजूला घेऊन दहा मिनिटांत बघ: परिच्छेद वाचून घे, दोन अंकी वजाबाकी दे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मूल वयानुरूप वर्गात बसतं आणि बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळतं; किमान तीन महिने, गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत. घोळ असा होतो की सहावीत बसवतात आणि सहावीचंच पुस्तक उघडतात. तिसरीच्या पातळीवर वाचणारं पोर तिथे आठवड्यात गप्प होतं, मग पोटदुखीची कारणं सुरू होतात. रोज तास-दीड तास त्याच्या पातळीचं वाचन आणि गणित, बाकी वेळ सवंगड्यांबरोबर. दोन्ही हवं.

सातवी-आठवीच्या मुलींवर वेगळी नजर ठेव. लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो, हा हिशेब हंगामाच्या तोंडावर केला जातो. मुलगी अचानक सणाला म्हणून मामाकडे गेली, मैत्रिणी विषय टाळू लागल्या, तर चौकशी त्याच दिवशी कर. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांच्याकडून हालचाल नसेल तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन कर, नाव गुप्त ठेवायला सांग. आणि आठवीनंतरची शाळा किती लांब आहे, तिथे एसटी किती वाजता जाते, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात (मुलींच्या सरकारी निवासी शाळेत) जागा आहे का, हे मुलगी सातवीत असतानाच तिच्या आईला सांगून ठेव.

तुझा हितचिंतक