व्यासपीठावर कोणाला बोलवावे?

प्रश्न : आमचे महिला मंडळ संकटग्रस्त स्त्रियांच्या मदतनिधीसाठी हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्यांचा कार्यक्रम करीत आहे. एखाद्या पीडित भगिनीचा व्यासपीठावर सत्कार करावा का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : करू नये. सोलापुरी चादर खांद्यावर घालून काढलेला तिचा फोटो त्याच रात्री मोबाइलवरून नेमका त्या घरी पोहोचू शकतो, जिथून ती नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेली असते. शासनाच्या ‘सखी’ केंद्रात तात्पुरता निवारा साधारणपणे ५ दिवसांचाच असतो. त्यानंतरचे खोलीभाडे, मुलांची शाळा आणि कोर्टाच्या खेपा यांसाठी आपला निधी राखून ठेवावा. (हारतुऱ्यांचा खर्चही त्यातच वळवावा!) प्रवेशिकेच्या मागे मात्र १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक ठळक छापावा.