निफाडच्या बेदाण्यांची सगळी विक्री इन्स्टाग्रामवरच चालवावी का?

विक्री जरूर करा, पण गिऱ्हाईक तिथेच ठेवू नका. ऑर्कुट हे फेसबुकसारखं संकेतस्थळ 2004 साली आलं आणि 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. टिकटॉकवर भारतात 29 जून 2020 ला बंदी आली आणि लाखोंचे फॉलोअर असलेली खाती एका रात्रीत निरुपयोगी झाली. फेसबुक चालू राहिलं, तरी 2018 च्या जानेवारीत त्यांनी मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य दिलं आणि दुकानांच्या पेजची फुकट पोहोच घटली. मला हाच धोका जास्त मोठा वाटतो, कारण तो लवकर लक्षात येत नाही.

इन्स्टाग्रामचा डेटा उतरवून घेतला, तरी त्यात फॉलोअरचे फोन नंबर येत नाहीत. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड छापलेलं कार्ड टाका. त्यातून आलेल्या गिऱ्हाइकांची यादी एका शीटमध्ये ठेवा: नाव, नंबर, गाव, शेवटची ऑर्डर आणि मेसेज पाठवायची परवानगी, एवढे रकाने पुरेत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एका यादीत 256 नंबर बसतात. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज जातच नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. तेव्हा ‘नंबर सेव्ह करा’ हे कार्डावर ठळक छापा. विचारल्याशिवाय कुणालाही यादीत घेऊ नका, लोक ब्लॉक करतात.

व्हिडिओची मूळ, वॉटरमार्क नसलेली फाइल जपून ठेवा. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेले रील इन्स्टाग्राम मागे ढकलतं.